एसीपी प्रद्युम्न यांना वेळेवर निवृत्त करायला हवे होते का?

लोकमान्यनगरकर (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीने 'सीआयडी' या हिंदी गुन्हेशोध मालिकेतील एसीपी (सहाय्यक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न यांचा बॉम्बस्फोटात मृत्यू दाखवला. लोक हळहळले, वाहिनीने श्रद्धांजलीही वाहिली, आणि काही आठवड्यांतच हे गृहस्थ पुन्हा कामावर हजर झाले. त्या दिवसांत आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून इंदूरच्या मराठी मंडळींपुढे तो ठेवतो आहे. माझे म्हणणे असे की हे पात्र मारायलाही नको होते आणि मारून परत आणायलाही नको होते. ते फार आधी, २००८ च्या सुमारास, रीतसर सेवानिवृत्त करायला हवे होते.

२००८ हे साल मी उगीच काढलेले नाही. मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. ही भूमिका करणारे शिवाजी साटम यांचा जन्म १९५० चा, म्हणजे पहिल्या भागाच्या वेळी ते ४७ वर्षांचे होते. महाराष्ट्रात राज्य पोलीस सेवेतला अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. पात्राचे वय नटाच्या वयाएवढेच धरले तर २००८ साली प्रद्युम्न यांच्या हाती श्रीफळ आणि शाल यायला हवी होती. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिले पर्व संपले तेव्हा १,५४७ भाग झाले होते, साटम ६८ वर्षांचे होते आणि एसीपी साहेब एसीपीच होते. वीस वर्षांत ना बढती, ना बदली. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परत आली तेव्हाही पद तेच.

एवढ्या गोष्टीवर अडून काय बसायचे, असे घरचे म्हणतात. मी अडतो, कारण माझ्या मते या न संपणाऱ्या नोकरीतच मालिकेचा मूळ दोष दिसतो. प्रद्युम्न म्हातारे होत नाहीत, कारण त्यांचा एकही खटला न्यायालयात जात नाही. आपल्या देशात तपास अधिकाऱ्याचे वय तिथेच सरते. अटक एका दिवसात होते, पण पुढे चालान, म्हणजे दोषारोपपत्र, सादर होते, आरोप निश्चित होतात, साक्षीदार येतात, काही येत नाहीत, काही आपला जबाब फिरवतात, आणि या सगळ्यात वर्षे जातात. ज्याने पंचनामा केला तो अधिकारी साक्षीला उभा राहतो तेव्हा बहुधा त्याची तीन ठिकाणी बदली झालेली असते. मालिकेत मात्र गुन्हेगार कबुली देतो, 'अब तो तुम्हें फाँसी होगी' हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते आणि गोष्ट संपते. पुढच्या शुक्रवारी नवे प्रेत. काळ पुढे सरकायला जागाच ठेवलेली नाही.

याचा परिणाम मी घरात पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ झोपेतच गेला. वय चाळिशीच्या आतले, आजार माहीत नव्हता, म्हणून पोलिसांनी मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, शवविच्छेदन झाले आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला. मामी तिसऱ्या दिवसापासून विचारू लागली की अहवाल आला का. आमच्या ठाण्याचे टीआय (ठाणेप्रमुख) दिवसकार्य आटोपल्यावर स्वतः घरी आले, ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि याला महिने लागतात हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. ते गेल्यावर मामी मालिकेतल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांचे नाव घेऊन म्हणाली, "त्या साळुंखेला संध्याकाळपर्यंत कळते, आणि यांना महिने लागतात? नक्की कोणीतरी यांचे तोंड बंद केले आहे." तिचा संशय भावाच्या दुकानातल्या भागीदारावर होता. अहवाल आला तेव्हा विषाचा अंश सापडला नाही आणि डॉक्टरांनी मृत्यू हृदयविकाराने झाला असा अभिप्राय दिला. तोवर त्या भागीदाराशी आमच्या घराने बोलणे टाकले होते. तो माणूस तेराव्यालासुद्धा दारातूनच परत गेला होता.

मामीला मी दोष देत नाही. वीस वर्षे तिने दर आठवड्याला हेच पाहिले होते की अनुभवी माणसाला 'कुछ तो गड़बड़ है' असे वाटले, की गडबड असतेच.

रामबागेची लेक

दादा, तुमच्या मामींचे वाचून वाईट वाटले. पण त्यांच्या दुःखाचे खापर आपण मालिकेवर फोडता आहात, हे मला पटत नाही. ज्या आईचा तरुण मुलगा रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठत नाही, तिला कारण हवेच असते. टीव्ही नव्हता तेव्हाही बायका करणी, मूठ, नजर यांवर संशय घेत होत्या आणि शेजाऱ्यांशी बोलणे टाकत होत्या.

मी पोलिसाच्या घरची आहे. माझे बाबा मध्य प्रदेश पोलिसांत हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून हे थोडे हक्काने लिहिते. बाबा ड्यूटीवरून आले आणि मालिका लागलेली असली की वर्दीचा पट्टा सैल करून उभ्यानेच पाहत असत. त्यांना त्यातल्या चुका कळत नव्हत्या असे नाही. गोळी झाडून झाल्यावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कोणी मोजत नाही, जप्तीला पंच दिसत नाहीत, ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद होत नाही, हे ते आम्हाला बोट दाखवून सांगायचे. तरीही प्रद्युम्न त्यांना आवडायचे, आणि त्याचे कारण त्यांनी एकदा सांगितले होते. हा साहेब जागेवर स्वतः जातो, प्रेताजवळ स्वतः वाकतो आणि हाताखालच्या माणसाला नावाने हाक मारतो.

हे ऐकायला साधे वाटते, पण ज्या हवालदाराने तीस-पस्तीस वर्षे पावसात बंदोबस्त केला आहे त्याला ते साधे वाटत नाही. आपल्या चित्रपटांतला पोलीस शेवटच्या रिळात पोहोचायचा, नाहीतर पुढाऱ्याच्या खिशात असायचा, आणि हवालदार तर हसण्यापुरताच असायचा. त्या काळात एका मालिकेने दर आठवड्याला असा अधिकारी दाखवला जो पैसे खात नाही, दबावाला नमत नाही आणि चुकलेल्या स्वतःच्या मुलावरही गोळी चालवतो. नकुलचा तो भाग पाहिल्यावर आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नव्हते. अशा माणसाला ५८ वर्षे पूर्ण झाली म्हणून घरी पाठवायचे? तो सेवापुस्तिकेतला कर्मचारी नाही, दादा. लोकांनी पोलिसांकडून जी अपेक्षा ठेवली आहे, ती त्याच्या रूपाने उभी आहे.

सुदामानगर

वरच्या ताईंशी सहमत आहे. माझ्या आईचा अनुभव थोडक्यात सांगतो. आम्ही पुण्याला लग्नासाठी गेलो असताना मागे घर फोडले गेले. परत आलो तेव्हा दाराची कडी वाकलेली होती आणि कपाट सताड उघडे होते. मी आत धावणार तोच आईने मला दंडाला धरून मागे ओढले आणि म्हणाली, "कशाला हात लावू नकोस, ठसे पुसले जातील." पोलीस येईपर्यंत सत्तर वर्षांची ती बाई चपला घालून अंगणात उभी राहिली आणि शेजारच्या कोणालाही तिने उंबरा ओलांडू दिला नाही. ठसे घेणाऱ्या माणसाने कपाटाच्या काचेवर पूड फिरवली तेव्हा तिथे बोटांच्या रेषा स्पष्ट उमटल्या. आईचे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. तिला हे कोणी शिकवले?

जुना वकील, इंदूर

मी या शहरात फौजदारी वकिली करतो आणि दोन्ही बाजूंनी उभा राहिलेलो आहे. धागाकर्त्यांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे, मात्र त्यांनी तो वयावर नेऊन थोडा दुबळा केला आहे असे वाटते. मला जे खटकते ते वय नसून कबुली आहे.

या मालिकेचा जवळजवळ प्रत्येक भाग संशयिताच्या कबुलीवर संपतो. सर्व पात्रे एका खोलीत जमतात, पुरावे समोर मांडले जातात, कधी प्रद्युम्न यांच्या हाताखालचे अधिकारी दया यांच्या हाताची थप्पड बसते, आणि आरोपी रडत रडत सगळे सांगून टाकतो. आपल्या कायद्यात या कबुलीची किंमत शून्य आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच कायम आहे. इंग्रजांनी हे कलम केले ते मारहाण करून कबुली घेतली जाते हे त्यांना ठाऊक होते म्हणून, आणि स्वतंत्र भारताने ते ठेवले तेही त्याच कारणासाठी. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या सापडण्यापुरताच जबाब वाचता येतो, ज्याला इकडे सगळे मेमोरेंडम म्हणतात. म्हणजे 'मी खून केला' हे वाक्य गळून पडते आणि 'सुरा मी विहिरीत टाकला' एवढेच उरते, तेही सुरा खरोखर विहिरीतून निघाला तर.

थपडेबद्दल तर बोलायलाच नको. आपण सारे ती पाहून टाळ्या वाजवत आलो आहोत. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी, अटकेचा साक्षांकित पंचनामा, नातलगांना कळवणे, वैद्यकीय तपासणी, असे ते नियम. मालिका सुरू झाली त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. ज्या वर्षांत न्यायालय पोलिसांचा हात बांधू पाहत होते, त्याच वर्षांत घराघरांतल्या मुलांना तो हात आवडू लागला. माझ्याकडे येणारे फिर्यादीचे नातलग आजही विचारतात की साहेब, त्याला चौदावे रत्न दाखवले की तो बोलेल, मग पोलीस दाखवत का नाहीत?

फाशीचेही तसेच. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी ही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यायची शिक्षा आहे, आणि सत्र न्यायाधीशाने ती दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. ती जाहीर करण्याचा अधिकार कोणत्याही एसीपीला नाही.

सुदामानगरच्या आईंना मात्र माझा नमस्कार सांगा. पोलीस येण्याआधी अर्धी आळी घरातून फिरून गेल्यामुळे पुरावा हातचा गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

विजयनगर, वय ३१

मी या मालिकेबरोबर वाढलो आहे, त्यामुळे माझे मत प्रेमातून आलेले आहे हे आधीच मान्य करतो. तरी काका, आपण एका गोष्टीला ती जे नाही त्याबद्दल शिक्षा देत आहात असे मला वाटते. 'सीआयडी' हे पोलीस प्रशिक्षण नव्हे. ती रहस्यकथा आहे, आणि रहस्यकथेतला सत्यशोधक जगभर असाच असतो. तो म्हातारा होत नाही आणि त्याची बदली होत नाही, कारण वाचकाला दर वेळी त्याच माणसाकडे परत जायचे असते. आजीच्या गोष्टीतला चतुर प्रधान कोणत्या साली निवृत्त झाला, असे आपण कधी विचारले का?

शिवाय या मंडळींनी आपले काम मन लावून केले, हेही कोणीतरी नोंदवायला हवे. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही तोडीशिवाय, एका सलग चित्रणात पूर्ण केला आणि त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. मालिकेचे निर्माते बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत एकत्र आलेली होती. बँकेत नोकरी करून नाटक करणारा एक मराठी माणूस हिंदी दूरचित्रवाणीवर वीस वर्षे टिकतो, आपल्या बोलण्यातला मराठी हेल लपवत नाही, आणि त्याच्या शेजारी प्रयोगशाळेत 'साळुंखे' आडनावाचा डॉक्टर असतो. हिंदी शाळेत शिकणाऱ्या माझ्यासारख्या इंदुरी मराठी मुलाला याचे काय वाटत असेल, याची कल्पना करा. माझ्या आडनावाचा उच्चार वर्गात कोणाला जमत नसे. 'साळुंखे' मात्र सगळ्यांना म्हणता येत असे, 'सालुंके' का होईना.

आणि त्या डॉ. साळुंखे यांच्याबद्दल इथे कोणी बोललेलेच नाही. मालिकेतला माझा सर्वांत आवडता भाग प्रयोगशाळेतला असे. तिथे प्रद्युम्न घाई करतात, साळुंखे त्यांना चिडून उत्तर देतात, 'मी तुझा नोकर नाही' अशा सुरात बोलतात, आणि शेवटी साहेबांना त्यांचे ऐकावे लागते. अधिकाऱ्याच्या अंदाजापेक्षा परीक्षानळीतला रंग मोठा, हे मी तिथे शिकलो. पुढे मी रसायनशास्त्र घेतले त्याला इतरही कारणे होती, पण हे एक नक्की होते.

लोकमान्यनगरकर (धागाकर्ता)

एवढी मनापासून उत्तरे येतील असे वाटले नव्हते. एकेकाला उत्तर देतो.

रामबागेच्या ताईंनी लिहिलेले मला लागले. आपल्या बाबांना जे आवडले ते मलाही आवडत होते, आणि मालिका बंद व्हायला हवी होती असे मी म्हटलेलेच नाही. मला तो माणूस निवृत्त व्हायला हवा होता, कारण निवृत्ती दाखवली असती तर पुढच्या अनेक गोष्टी दाखवाव्या लागल्या असत्या. कार्यभार सोपवताना किती प्रकरणे प्रलंबित आहेत, कोणत्या खुनाचा छडा लागलाच नाही, कोणता आरोपी निर्दोष सुटला, मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत, काय काय पडून आहे, याची यादी नव्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावी लागते. प्रद्युम्न आपल्या टेबलाशी बसून ती यादी वाचत आहेत आणि समोर त्यांचा सहकारी अधिकारी अभिजीत उभा आहे, असा एक भाग माझ्या डोळ्यांपुढे अनेकदा येऊन गेला आहे. १,५४७ भागांत यश न आलेली प्रकरणे किती होती? ज्या साहेबाला अपयशच माहीत नाही, त्याच्या निरोपाला तरी काय अर्थ उरतो, आणि म्हणून त्यांनी निरोपाऐवजी बॉम्ब आणला.

विजयनगरच्या मित्रा, चतुर प्रधानाचा मुद्दा चांगला आहे, पण तो पूर्ण लागू पडत नाही. प्रधानाच्या गोष्टीत राज्याचे नाव नसते. इथे मुंबई आहे, पद आहे, खाते आहे, वर्दीतले हवालदार आहेत. ९ डिसेंबर २०२१ ला इंदूर आणि भोपाळ इथे पोलीस आयुक्तालये स्थापन झाली, तोवर आपल्या शहरात एसीपी हे पदच नव्हते, सीएसपी (शहर पोलीस अधीक्षक) होते. तरी शाळेतल्या पोरांना सीएसपी म्हणजे कोण हे सांगता येत नसे आणि एसीपी म्हणजे कोण हे पाठ असे. ज्या गोष्टीतून लोक पदांची नावे शिकतात, त्यातून ते त्या पदाचे अधिकारही शिकतात. मालिकेतले खाते तर महाराष्ट्रातही त्या रूपात नाही. राज्य सीआयडीचे मुख्यालय पुण्याला आहे, आणि मुंबई शहरातले गुन्हे तिथल्या आयुक्तालयाची गुन्हे शाखा पाहते. हे मला फार वर्षांनी कळले, आणि मी शिकलेला माणूस आहे.

साळुंखेंबद्दल मात्र मी विचार केला नव्हता. ते तुमचे म्हणणे मी मान्य करतो.

जुना वकील, इंदूर

मान्य करण्याची घाई करू नका, कारण मला साळुंखेंचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

प्रयोगशाळेतला तज्ज्ञ पोलिसांपासून दूर असावा लागतो. त्याला नमुन्याचा क्रमांक आणि विचारलेला प्रश्न एवढेच कळावे. संशयित कोण, साहेबांना काय वाटते, आईने कोणावर बोट ठेवले, हे त्याच्या कानावर न आलेले बरे, कारण माणूस कितीही प्रामाणिक असला तरी जे शोधायचे आहे ते त्याला आधी दिसू लागते. मालिकेतले साळुंखे घटनास्थळी येतात, संशयितांची नावे ऐकतात, साहेबांचे जिवलग मित्र आहेत आणि त्यांची प्रयोगशाळा जणू त्याच कार्यालयाची एक खोली आहे. ते चिडतात हे खरे, पण वेळ लागतो म्हणून चिडतात. 'तुमचा संशय चुकीचा आहे आणि मला याहून अधिक काही सांगता येणार नाही' असे म्हणून त्यांनी प्रकरण तिथेच सोडले, असे मी तरी पाहिलेले नाही. खऱ्या अहवालात मात्र 'निश्चित मत देता येत नाही' हे वाक्य वारंवार येते, आणि निम्मी उलटतपासणी त्या वाक्यावर चालते.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आली आहे, आणि मी तिचे स्वागत करतो. पण तो तज्ज्ञ तिथे पुरावा गोळा करायला जाणार, साहेबांशी तर्क लढवायला नव्हे. हा फरक या मालिकेने पुसून टाकला, म्हणून मी तिच्यावर प्रेम असूनही कठोर बोलतो.

विजयनगर, वय ३१

काका, हे उत्तर मी दोनदा वाचले. मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो ती औषधांच्या कारखान्याची आहे, पण आमच्याकडेही नमुना कोणत्या बॅचचा आहे हे तपासणाऱ्याला सांगत नाहीत, फक्त चिठ्ठीवरचा आकडा असतो. हे मी रोज करतो आणि तरीही साळुंखेंच्या बाबतीत मला ते सुचले नाही. तरीसुद्धा एक गोष्ट सोडणार नाही. त्या काळात प्रयोगशाळेला एवढा वेळ देणारे आमच्यासमोर दुसरे काहीच नव्हते. चुकीची का होईना, पण खिडकी तीच होती.

सुदामानगर

आणि साहेबांचा मृत्यू दाखवला त्या रात्री आई जेवली नाही. आपण सर्वांनी एवढे कायदे सांगितले, पण ८१ वर्षांच्या बाईचा एक ओळखीचा माणूस गेला, हे कोणत्या कलमात बसते? डिसेंबर २०२३ मध्ये मालिकेत फ्रेडरिक्स या अधिकाऱ्याची भूमिका करणारे दिनेश फडणीस गेले तेव्हा ती खरोखर रडली होती. त्यामुळे प्रद्युम्न परत आले तेव्हा मला तरी आनंदच झाला. धागाकर्त्यांनी निवृत्तीचा भाग सुचवला आहे तो तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "निवृत्त झाला असता तरी चालले असते, घरी तरी असता."

रामबागेची लेक

दादा, तुमची प्रलंबित प्रकरणांची यादी आणि वकील काकांची प्रयोगशाळा या दोन्हींवर मला माझ्या बाबांची एक आठवण लिहायची आहे. मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलते आहे, तरी ही आठवण बहुधा तुमच्याच उपयोगाची आहे.

राज्याची मुख्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. बाबा ठाण्यात असताना व्हिसेऱ्याची पेटी तिथे पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे अनेकदा येत असे. इंदूरहून सागर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. काचेच्या बरण्या, आत मिठाचे संपृक्त द्रावण, प्रत्येक बरणीच्या झाकणावर कापड, त्यावर लाखेची मोहर, आणि बरोबर कागदावर त्याच मोहरेचा नमुना, म्हणजे तिकडच्यांना पडताळून पाहता यावे. ती पेटी बाबा बसमध्ये टपावर चढवत नसत. मांडीवर नाहीतर दोन पायांच्या मध्ये घेऊन रात्रभर बसत. आईने दिलेली पोळी-भाजी ते त्या प्रवासात खात नसत, पोहोचपावती हाती आल्यावर सागरच्या स्टँडवर खात. शेजारच्या प्रवाशाने काय आहे विचारले तर म्हणत, सरकारी कागद आहेत.

निवृत्तीनंतर पाचव्या की सहाव्या वर्षी त्यांना एका जुन्या खटल्यात समन्स आले. साक्ष एवढीच होती की पेटी त्यांनी मालखान्यातून अमुक तारखेला घेतली, अमुक तारखेला जमा केली, आणि मधल्या काळात मोहर शाबूत होती. त्यांनी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली, बूट पॉलिश केले आणि सकाळी दहाला जाऊन बसले. पुकारा झाला तेव्हा चार वाजले होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले की रस्त्यात बस कुठे थांबली होती, तेव्हा तुम्ही खाली उतरलात का. बाबा म्हणाले, भोपाळला थांबली होती, मी उतरलो नाही. पुढचा प्रश्न होता, एवढ्या वर्षांनी हे तुम्हाला कसे आठवते? बाबांनी सांगितले की साहेब, मी कोणत्याच खेपेला उतरत नसे.

हे मी इतक्या वर्षांत कुठल्याही मालिकेत पाहिलेले नाही, आणि प्रद्युम्न साहेबांच्या मालिकेतही पाहिले नाही, हे मला कबूल करावे लागते. त्यांना निवृत्त करावे या मताची मी अजूनही नाही. पण त्यांना एकदा त्या बाकावर सकाळी दहापासून चारपर्यंत बसलेले दाखवले असते, तर बाबांनी तो भाग उभ्याने न पाहता खाली बसून पाहिला असता.